पीसीआरसाठी शौचाचा नमुना: फॉर्मेलिनची डबी आणू नका

किडनी प्रत्यारोपण झालेलं असतं, केमोथेरपी चालू असते किंवा एचआयव्हीमुळे सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींचं प्रमाण) खाली गेलेलं असतं. जुलाब थांबत नाहीत, साधी स्टूल टेस्ट निर्दोष येते, म्हणून डॉक्टर पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, लिहून देतात. अशी चिठ्ठी घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना आम्ही लॅबवाले परत पाठवतो, कारण हातातली डबी फॉर्मेलिनची (नमुना टिकवणाऱ्या रसायनाची) असते.

फॉर्मेलिनमध्ये परजीवीचा आकार टिकतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाला ते चालतं. पीसीआर शोधते डीएनए, आणि फॉर्मेलिन नेमका तोच खराब करतं. परजीवी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ‘एवढ्या वेळी चालवून घ्या’ म्हणू नका. दोन-तीन दिवस फुकट जातात ते रुग्णाचेच. आमच्याकडून कोरडी, निर्जंतुक डबी आधीच न्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नमुन्यात लघवी, पाणी किंवा संडास धुण्याचं औषध मिसळू देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवा आणि 24 तासांच्या आत पोहोचवा.

‘आधीच्या तपासणीत काहीच कसं दिसलं नाही?’ हे रोज विचारलं जातं. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या ऊसिस्ट (शौचातून बाहेर पडणारी त्याची कवचबंद अवस्था) 4 ते 6 मायक्रॉनच्या. खास रंग न देता त्या सहज निसटतात. मायक्रोस्पोरिडिया या आणखी एका गटाचे बीजाणू त्याहून बारीक. आजार करणारा एन्टअमीबा हिस्टोलिटिका तर निरुपद्रवी एन्टअमीबा डिस्पारसारखाच दिसतो, पीसीआर दोघांना वेगळं ओळखते. नेमकं नाव कळणं महत्त्वाचं, कारण सिस्टोआयसोस्पोरा या परजीवीवर कोट्रायमॉक्सॅझोल हे औषध लागू पडतं, क्रिप्टोस्पोरिडियमवर नाही. औषध अर्थात डॉक्टरच ठरवतील.

तरी आम्ही सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकलेला नाही. पीसीआरला पॅनेलमधलेच, म्हणजे तपासणीच्या ठरलेल्या यादीतलेच, परजीवी सापडतात. त्याबाहेरचा जंत तिला दिसणारच नाही. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र करण्याचा आमचा आग्रह असतो. हा बिल वाढवण्याचा प्रकार वाटत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

शौचातले काही घटक पीसीआरच अडवतात. ते कळावं म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत आम्ही कंट्रोल, म्हणजे पीसीआर नीट चालली का हे दाखवणारी चाचणी, चालवतो. तो फसला तर ‘निगेटिव्ह’ न लिहिता दुसरा नमुना मागतो. लोक वैतागतात, पण खोट्या निगेटिव्हवर सही करणं आम्हाला जमत नाही.

परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. एक रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही जुलाब चालूच असतील तर डॉक्टर वेगळ्या दिवशीचा नमुना मागू शकतात. उपचारानंतर मात्र घाईने पुन्हा तपासू नका, मेलेल्या परजीवीचा डीएनएही काही काळ पॉझिटिव्ह दाखवतो. तारीख डॉक्टरांकडून घ्या, डबी आमच्याकडून.