पोर्तुगालची सार्वजनिक उद्याने

पोर्तुगालची सार्वजनिक उद्याने : पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील तसेच अटलांटिक महासागरातील मदेरा आणि अझोर्स या द्वीपसमूहांवरील, लोकांना खुली असलेली ऐतिहासिक उद्याने, वनस्पतिउद्याने आणि उपवने. यांतील बहुतेक जागा मुळात सार्वजनिक नव्हत्या. राजे, बिशप, मठवासी, विद्यापीठ आणि धनाढ्य व्यापारी यांनी त्या आपापल्या गरजेसाठी किंवा हौसेखातर उभारल्या. पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्या हळूहळू सरकार, नगरपालिका किंवा न्यासांच्या ताब्यात आल्या. फुलांचे ताटवे युरोपात सर्वत्र पाहायला मिळतात. पोर्तुगालमध्ये पाहण्याजोगी आहेत ती झाडे. ब्राझील, मेक्सिको, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतून आलेले वृक्ष इथे दीड-दोनशे वर्षे एकमेकांशेजारी वाढले आहेत, आणि प्रत्येकामागे कुठल्यातरी सागरी प्रवासाची हकिकत आहे.

हे शक्य झाले ते हवामानामुळे. अटलांटिकच्या सान्निध्यामुळे किनारपट्टीवर हिवाळा सौम्य असतो, दहिवर गोठणे क्वचितच घडते, त्यामुळे थंड प्रदेशातला ओक आणि उष्ण प्रदेशातला ताड एकाच आवारात तग धरतात. उन्हाळा मात्र कोरडा असतो. म्हणून पोर्तुगीज बागेची खरी रचना पाण्याभोवती झालेली आहे. अरब राजवटीपासून चालत आलेली नोरा (आपल्याकडचे राहाटगाडगे), दगडी पाट आणि मोठा चौकोनी हौद ही तिची जुनी अंगे. हौदातले पाणी शिंपणासाठी साठवायचे, आणि त्याच पाण्यात वाड्याचे प्रतिबिंबही पाहायचे. हौदाच्या भिंती आणि भोवतालचे बाक निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशांनी मढवण्याची रीत सतराव्या शतकात बहराला आली. लिस्बनच्या बेंफिका भागातील फ्रोंतैरा वाड्याची बाग हा तिचा सर्वांत देखणा नमुना होय. वाडा आजही खासगी मालकीचा आहे, पण बाग पाहता येते.

लिस्बनमधील आजुडा वनस्पतिउद्यान हे देशातील सर्वांत जुने वनस्पतिउद्यान. १७५५ च्या भूकंपात राजवाडा जमीनदोस्त झाल्यावर राजा जुझे पहिला आणि त्याचे कुटुंब आजुडाच्या टेकडीवर राहायला गेले. तिथेच १७६८ मध्ये राजपुत्रांच्या शिक्षणासाठी हे उद्यान काढण्यात आले. त्याची जबाबदारी पादुआहून आलेला इटालियन निसर्गशास्त्रज्ञ दोमेनिको वांदेल्ली याच्याकडे होती. वांदेल्लीच्या शिष्यांना पुढे सरकारने वसाहतींत संशोधनासाठी धाडले. अलेशांद्रे रुद्रीगिश फेरैरा १७८३ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला, तर मानुएल गाल्व्हाँव दा सिल्वा गोव्यामार्गे मोझांबिकला गेला. त्यांनी जमवलेले नमुने आजुडात येत राहिले. १८०८ मध्ये नेपोलियनचे सैन्य लिस्बनमध्ये असताना फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंट-हिलेर याने त्यांतला मोठा वाटा पॅरिसला नेला. वसाहतींतून आणलेला संग्रह असा दुसऱ्या विजेत्याच्या हाती गेला. आज उद्यानाच्या वरच्या टप्प्यावर देशोदेशींच्या वनस्पतींचे वाफे आहेत आणि खालच्या टप्प्यावर बॉक्सवूडच्या कातरलेल्या कुंपणांची भौमितिक नक्षी. मधोमध साप, मासे आणि समुद्रघोडे यांच्या तोंडांतून पाणी सोडणारे चाळीस धारांचे कारंजे आहे. इथला ड्रॅगन वृक्ष या बागेपेक्षाही वयाने मोठा मानला जातो. त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांना आता लोखंडी टेकू दिलेले आहेत.

लिस्बनच्या बेलें भागातील उष्णकटिबंधीय वनस्पतिउद्यान जेरोनिमुश मठाला लागूनच आहे. मठापुढे रांग लावणारे बहुतेक पर्यटक त्याच्याकडे वळतही नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. १९०६ मध्ये 'वसाहत उद्यान' म्हणून ते स्थापन झाले आणि काही वर्षांनी सध्याच्या जागी आले. कॉफी, कोको, मसाले अशा वसाहतींतल्या पिकांचा अभ्यास आणि शेतीअधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हा त्याचा हेतू होता. १९४० च्या पोर्तुगीज जागतिक प्रदर्शनात याच आवारात वसाहतींचा विभाग मांडला गेला आणि आफ्रिका-आशियातल्या माणसांनाच प्रेक्षकांपुढे 'नमुने' म्हणून ठेवण्यात आले. त्या वेळची मकाव कमान आणि पौर्वात्य धाटणीची बाग अजून उभी आहे. उंच ताडांची वीथी सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथून चालताना हा इतिहासही माहीत असायला हवा.

लिस्बनमधल्या रोजच्या वावराच्या बागांपैकी प्रिन्सिपे रेआल चौक खास, तो तिथल्या एका झाडासाठी. सुरूच्या कुळातले हे झाड उंच वाढण्याऐवजी छत्रीसारखे पसरले आहे. लोखंडी मांडवावर तोललेल्या त्याच्या फांद्यांखाली माणसे वर्तमानपत्र वाचत, पत्ते खेळत बसलेली दिसतात. या जातीला बुसाकूचा सीडर म्हणतात. ती गोव्याहून आली अशी समजूत युरोपात दीर्घकाळ होती, म्हणून तिला गोव्याचा सीडर असेही नाव पडले. तिचे मूळ स्थान मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे आहे. एदुआर्दू सातवा उद्यानातील 'एश्तुफा फ्रिया' हे दगडाच्या जुन्या खाणीत वसवलेले, लाकडी पट्ट्यांचे छत असलेले सावलीगृह १९३३ मध्ये खुले झाले. बाहेर ऊन कडक असताना आत नेचे, ओहोळ आणि गारवा मिळतो. गुलबेंकियन प्रतिष्ठानची बाग यांहून अगदी वेगळी. गोन्सालू रिबैरू तेलिश आणि आंतोनियू व्हियाना बारेतू या भूदृश्यरचनाकारांनी १९६० च्या दशकात ती आखली. तिथे सममिती नाही, मध्यवर्ती कारंजे नाही. काँक्रीटच्या फरशा झाडीत शिरतात, वाट कुठे वळेल ते आधी कळत नाही. विसाव्या शतकातली पोर्तुगालमधली सर्वोत्तम बाग हीच, असे म्हणायला हरकत नाही.

लिस्बनच्या पूर्वेला, १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी विकसित केलेल्या नदीकाठावर गार्सिया द ओर्ता याच्या नावाची बाग आहे. हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, तिथेच १५६८ मध्ये वारला. मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ पट्ट्याने होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यामुळे युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला आशियाची पहिली भरवशाची माहिती मिळाली. पणजीच्या नगरपालिका उद्यानालाही त्याचेच नाव आहे. काजू आणि अननस आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांच्या याच जलमार्गांनी, ब्राझीलमधून.

सिंत्रा हे लिस्बनच्या पश्चिमेचे डोंगराळ गाव पोर्तुगीज उद्यानकलेचे शिखर मानले जाते. समुद्रावरून येणारे धुके डोंगराला अडते, त्यामुळे लिस्बन तापलेले असतानाही इथे शेवाळ ओले असते. १८३८ मध्ये राणी मारिया दुसरी हिचा जर्मन पती फेर्नांदू दुसरा याने इथला एक पडका मठ विकत घेतला. त्याच्या जागी पेना राजवाडा आणि भोवती सुमारे ८५ हेक्टरांचे उपवन उभे राहिले. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांमधून वळणाऱ्या वाटा, जपानी कॅमेलिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले वृक्षनेचे, उत्तर अमेरिकेतली सूचिपर्णी झाडे, सगळे जणू आपोआप उगवले आहे असे वाटावे अशी ही योजना आहे. बहुतेक लोक रंगीत राजवाड्यात गर्दी करतात आणि उपवनाला अर्धा तासही देत नाहीत. खरे तर उपवनासाठी सकाळ राखून ठेवावी आणि राजवाडा नंतर पाहावा.

सिंत्राजवळचे मोन्सेराते हे त्याहून निवांत आणि आमच्या मते त्याहून सरस उद्यान. गोव्याचा माजी विजरई (पोर्तुगालच्या राजाचा प्रतिनिधी) कायतानू द मेलू इ काश्त्रू याने अठराव्या शतकाच्या आरंभी ही जमीन घेतली होती. १८६३ मध्ये फ्रान्सिस कुक या इंग्रज कापडव्यापाऱ्याने ती खरेदी केली आणि वास्तुविशारद जेम्स नोल्स याच्याकडून मोगल, अरबी आणि गॉथिक शैलींचा मेळ घातलेला प्रासाद बांधून घेतला. उतारावर नेच्यांची दरी, पलीकडे उन्हाच्या बाजूला निवडुंग आणि घायपातांची मेक्सिकन बाग, प्रासादापुढे उतरत जाणारी विस्तीर्ण हिरवळ असे एकेक प्रदेश पायी ओलांडत जाता येते. वाटेवर एक कोरीव भारतीय कमान उभी आहे. कुकने ती १८५७ च्या उठावानंतर भारतातून आणवली. कुठल्यातरी उद्ध्वस्त वास्तूचा तो भाग आहे, आणि तिथे थोडा वेळ थांबल्याशिवाय भारतीय माणसाला पुढे जाववत नाही. १९४९ मध्ये सरकारने ही मालमत्ता घेतली. पुढे बरीच वर्षे ती दुर्लक्षित राहिली. अलीकडच्या जीर्णोद्धाराला २०१३ मध्ये युरोपीय उद्यान पुरस्कार मिळाला.

याच डोंगरात पेन्या व्हेर्दे ही जुआँव द काश्त्रू याची वाडी आहे. हा दर्यावर्दी १५४८ मध्ये गोव्यात विजरई असताना वारला. त्यापूर्वी, १५३८-३९ च्या गोवा ते दीव सफरीत, त्याने घारापुरीची लेणी पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले होते. सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख या वाडीत पोहोचला. गुजरातचा वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातला, इ. स. १२८७ चा हा लेख 'सिंत्रा प्रशस्ती' या नावाने अभ्यासकांना परिचित आहे. वाडी खासगी असल्याने प्रवाशांना सहसा पाहता येत नाही. पण सिंत्राची उद्याने कोणत्या जगातून घडली हे समजण्यासाठी ती ठाऊक असावी. सिंत्राचा सांस्कृतिक भूप्रदेश १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

कोइंब्रा विद्यापीठाचे वनस्पतिउद्यान १७७२ च्या विद्यापीठ सुधारणांतून जन्मले. पंतप्रधान पोंबाल याने पहिला आराखडा फार खर्चीक म्हणून परत पाठवला. विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात एवढीच बाग त्याला हवी होती. पुढे फेलिश द आव्हेलार ब्रोतेरू आणि एकोणिसाव्या शतकात जुलियू एन्रिकिश या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती वाढवली. आज ती सुमारे १३ हेक्टरांची आहे. कारंज्याचा मोठा चौक, लोखंड-काचेचे हरितगृह आणि खालच्या उतारावरचे दाट वेळूचे बन या तीन जागा चुकवू नयेत. शहरात नदीपलीकडे 'अश्रूंची वाडी' आहे. राजपुत्र पेद्रूची प्रेयसी इनेश द काश्त्रू हिचा १३५५ मध्ये वध झाला आणि तिचे अश्रू तिथल्या झऱ्यात मिसळले, अशी आख्यायिका.

कोइंब्राच्या उत्तरेचे बुसाकूचे वन १०५ हेक्टरांचे आहे आणि त्याला भिंत घातलेली आहे. १६२८ मध्ये अनवाणी कार्मेलाइट साधूंनी इथे मठ बांधायला घेतला आणि भोवती देशोदेशींचे वृक्ष लावले. १६४३ मध्ये पोप अर्बन आठवा याने इथले झाड तोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याचा आदेश काढला. वृक्षसंरक्षणाचा असा कडक हुकूम इतिहासात विरळाच.

देशाच्या आतल्या भागातील काश्तेलू ब्रांकू येथील बिशपची बाग अठराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या जिन्यावर पोर्तुगालच्या राजांचे दगडी पुतळे क्रमाने उभे आहेत. देशावर राज्य केलेल्या स्पॅनिश राजांचे पुतळे मुद्दाम लहान घडवले आहेत. राजकीय राग इतक्या उघडपणे दाखवणारी बाग दुसरीकडे दिसत नाही. उत्तरेकडील पोर्तु शहरात दोरू नदीवरच्या कड्यावर क्रिस्टल पॅलेसची बाग आहे. ती एमिल दाविद या जर्मन उद्यानकाराने आखली. १८६५ चा काचमहाल १९५१ मध्ये पाडला गेला, पण बाग टिकली आणि तिथल्या मोरांनी ती आपलीशी केली आहे. सेराल्वेश उपवनाची आखणी जाक ग्रेबेर या फ्रेंच माणसाने १९३० च्या दशकात केली. तिथले संग्रहालय वास्तुविशारद आल्व्हारू सीझाचे, १९९९ मधले.

अझोर्समधील साँव मिगेल बेटावर फुर्नाश खोऱ्यात तेरा नोश्त्रा उपवन आहे. १७७५ च्या सुमारास टॉमस हिकलिंग या बोस्टनच्या व्यापाऱ्याने ज्वालामुखीच्या या खोऱ्यात लाकडी घर बांधले आणि भोवती झाडे लावली. लोहयुक्त गरम पाण्याचा पिवळसर तपकिरी तलाव हे या उपवनाचे वैशिष्ट्य. त्यात पोहता येते, फक्त फिकट रंगाचे कपडे घालू नयेत, कारण डाग जात नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हे बेट इंग्लंडला संत्री पुरवून श्रीमंत झाले. त्या पैशातून जुझे दू कांतू आणि आंतोनियू बोर्जिश यांच्यासारख्या जमीनदारांनी पोंता देल्गादात बागा उभारल्या. रोगाने संत्र्यांचा धंदा बुडाल्यावर तिथे चहा आणि काचघरातला अननस आला.

मदेरात बागा उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या असतात, आणि त्यांना पाणी देतात 'लेव्हादा' नावाचे डोंगरकडेचे पाट. फुंशालचे वनस्पतिउद्यान १९६० मध्ये रीड कुटुंबाच्या जुन्या वाडीत सुरू झाले. त्याच्या वर, माँते पॅलेसच्या बागेत वृक्षनेचे आणि अझुलेजोंचा मोठा संग्रह एकत्र पाहता येतो.

भेटीचा काळ बागेनुसार ठरवावा. पोर्तु आणि सिंत्रातील कॅमेलिया डिसेंबर ते मार्च फुलतो. लिस्बनचे जॅकरांडा मेअखेर आणि जूनमध्ये जांभळे होतात. अझोर्सच्या रस्त्यांकडेचे हायड्रेंजिया जुलैत भरात असतात. सिंत्राला भर उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला काहीतरी सोबत असावे.