लाळेरं आणि घरातलं जुनेर

बाळ तीन महिन्यांचं झालं की झबल्याचा गळा सतत ओला राहायला लागतो. लाळ वाढलेली असते, ती सगळी गिळणं अजून जमत नसतं, आणि मुठी दिवसभर तोंडात. सहाव्या महिन्याच्या आसपास दात यायला लागले की विचारूच नका. ओल्या कापडाने हनुवटीखाली लाल पुरळ उठतं. नाशिकच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा छातीवरचं ओलं झबलं कुणाही आजीला बघवत नाही. लाळेरं आलं ते एवढ्याचसाठी. गळ्याभोवती बांधायचा वीतभर कापडाचा तुकडा. भिजला की सोडायचा, दुसरा बांधायचा. दिवसाला सहा-आठ सहज लागतात.

जी वस्तू दिवसाला सहा-आठ लागते ती कुणी शिंप्याकडे टाकत नसे. खणाची चोळी त्याच्याकडून शिवून येई, लाळेरं घरीच होई. म्हणून त्याची हकीकत दुकानात मिळत नाही, घरातल्या जुन्या कापडाच्या बोचक्यात मिळते. मी नाशिकमध्ये लाळेरी शिवते, आणि शिवता शिवता माझी एक खात्री झाली आहे: घरातलं जुनेर जसं बदलत गेलं, तसं लाळेरं बदलत गेलं. मशीन, बटणं, नक्षी हे सगळं त्याच्या मागून आलं.

जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं. हा शब्द आता मागे पडला आहे, पण त्याला दुसरा शब्द नाही. 'चिंधी' म्हटलं की टाकाऊपणा येतो, 'फडकं' म्हटलं की ओटा पुसणं आठवतं. जुनेरात तसं काही नाही. नवं सुती कापड कडक असतं, कारण मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. ती खळ जायला आणि सुताचा पीळ सैल पडायला वर्षं लागतात. गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) दगडावर आपटून धुतलेलं लुगडं चार-पाच वर्षांनी असं होई की हातात घेतलं तर वजन जाणवू नये. नेसायच्या दृष्टीने ते संपलेलं असे. पाणी शोषायच्या दृष्टीने ते तेव्हाच कामाला येई. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यात बसायचा भाग आधी विरतो, पदराकडचा टिकून राहतो. त्या टिकलेल्या भागातून दुपटी, लंगोट, लाळेरी निघत, विरलेला भाग गोधडीच्या पोटात जाई.

बाळाला जुनं कापड वापरण्यात काटकसर होती, पण तेवढंच नव्हतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तान्ह्या बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाबद्दल लिहिलं आहे: ते मऊ, हलकं, स्वच्छ आणि सुगंधी असावं, घामाने, मलमूत्राने खराब झालेलं टाकून द्यावं, आणि दुसरं मिळण्यासारखं नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडं करून वापरावं. मला यातलं शेवटचं वाक्य फार मोलाचं वाटतं. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की प्रत्येक घरात दुसरं कापड असेलच असं नाही. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देतात, तीच धुरी बाळाच्या कपड्यांवरही धरणाऱ्या बायका आजही आहेत.

दुसरं कारण भीतीचं होतं. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवायचं नाही, ही चाल अजून पुष्कळ घरांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे २०० मुलं पहिला वाढदिवस बघत नसत. ज्या घरात दोन पाळणे रिकामे झाले, तिथे तिसऱ्याचं नाव धोंडू, केरू नाहीतर चिंधू ठेवत, म्हणजे कुणाची नजर पडू नये. जुन्या लुगड्याचं फडकं अंगावर असण्यामागेही हीच समजूत. त्याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्या आईच्या जागी उभं राहिलं की मला तसं म्हणवत नाही.

नव्या कापडाचा मान यायचा तो बारशाला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाराव्या दिवशी नाव ठेवताना बाळंतविडा: झबली, टोपरी, दुपटी, कुंची, लाळेरी. आत्या, मावशी, आजी यांनी आणलेला. कुंची खणाची नाहीतर जरीची. इथे लाळेऱ्याला पहिल्यांदा नक्षी मिळाली, कडेने गोट आला, मध्ये साखळी टाक्याने राघू किंवा मोर आला. पण हे मिरवायचं लाळेरं. ते दोनदा बांधलं जाई आणि ट्रंकेत जाई. रोजचं काम जुनेराचंच. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून हौसेने कुणी पैठणीचं लाळेरं मागतं. मी कुंची शिवून देते, लाळेरं नाही. रेशमावर लाळेचा डाग बसतो आणि जरीची तार कोवळ्या मानेला टोचते.

आमच्या भागातल्या जुनेराची कथा सांगायची तर मालेगावला जावं लागतं. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतली मोमीन विणकर कुटुंबं दक्षिणेकडे सरकली आणि त्यांतली बरीच मोसम नदीच्या काठी मालेगावात स्थिरावली. त्यांच्या हातमागांवर रंगीत सुती साड्या निघत. १९३० च्या दशकात तिथे विजेवर चालणारे माग आले. आज मालेगाव यंत्रमागाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. माझ्या आजीच्या पेटीत मालेगावची दोन लुगडी होती. त्यांतल्या एकाबद्दल पुढे सांगते.

बाळाच्या कपड्यांत पांढऱ्या कापडाचंही एक घराणं आहे. मलमल सगळ्यांत वर, खाली मांजरपाट. मांजरपाटाचा मांजराशी संबंध नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर माधवपालेम नावाचं गाव आहे, इंग्रजांनी त्याचं मदापोलम केलं, तिथल्या कापडाला तेच नाव पडलं, आणि मराठी तोंडात त्याचं मादरपाट, मांजरपाट झालं. लंगोटाला हे कापड उत्तम, लाळेऱ्याच्या पाठीलाही चालतं. मैद्याच्या सुती पिशव्या उसवून, उकळून, त्यांचे लंगोट आणि लाळेरी केल्याचं सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. पिशवीवरची छापील अक्षरं चार धुण्यांनंतरही पुसट दिसत राहायची म्हणे.

मग शिलाई मशीन. अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आपल्याकडे विकलं जात होतं. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असं आपण सरसकट म्हणतो, पण १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या मशीनला त्यातून वेगळं काढलं. बायकोचे शिवणातले कष्ट बघून सिंगरने ते केलं, म्हणून ते मोजक्या उपयोगी शोधांपैकी एक, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हा बायकांच्या शिक्षणाचा भाग केला. पुढे भारतात तयार झालेल्या उषा मशीनने ते मध्यम घरांत आणलं. हात मशीन, मग पाय मशीन.

मशीनने लाळेऱ्यात काय बदललं? माझ्या मते एकच मोठी गोष्ट: उरेब पट्टी. कापड तिरकं कापून काढलेली पट्टी गोल गळ्यावर चुण्या न पडता वळते. हाताने ती लावायला अर्धी दुपार जाते. मशीनवर दहा मिनिटं. उरेब पट्टी आली तसा गळ्याचा गोल नीट बसायला लागला आणि तीच पट्टी पुढे वाढवून तिचेच बंद करता आले. त्याआधीचं लाळेरं म्हणजे धावदोऱ्याने कडा दुमडलेला चौकोन आणि त्याच्या दोन टोकांना नाड्या.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं, आणि कापड मोजूनमापून मिळायला लागलं. त्या पिढीच्या बायका चिंधी टाकत नाहीत. त्यांना चिकट म्हणणाऱ्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत. जुन्या सदऱ्याच्या पाठीचं झबलं, बाहीची टोपरी, कॉलर उसवून आतलं अस्तर लाळेऱ्याच्या मधल्या थराला, अशी ती शिस्त होती.

आणि मग जुनेरच आटलं. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, पण तो कुणी सांगत नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत नायलॉनच्या साड्या आल्या, टेरिलीन आणि टेरिकॉट आलं. धुवायला सोपं, इस्त्री नको, रंग जात नाही. नोकरी करणाऱ्या, नळाला पाणी येईल त्या वेळात धुणं उरकणाऱ्या बाईसाठी ती सुटकाच होती, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण नायलॉनची साडी वीस वर्षांनी जुनी झाली तरी जुनेर होत नाही. लाळ तिच्यावरून ओघळते, आत जात नाही. त्यात बोहारीण दारावर येई. पाच-सहा साड्या आणि एक पॅंट दिली की स्टीलचं पातेलं. सुती लुगड्यांचा गठ्ठाही त्याच घासाघिशीत जाई, कारण घरात आता गोधडी शिवायला बसणारं कुणी नव्हतं. इकडे १९८२ च्या जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. मुंबईच्या गिरण्यांच्या वायल-पॉपलीनची सवय झालेल्या घरांत ते कापड कमी होत गेलं.

नेमक्या याच काळात लाळेरं दुकानात गेलं आणि 'बिब' झालं. आधी मेणकापड लावलेलं, मग प्लास्टिकचं, खाली खिसा असलेलं. भरवताना प्लास्टिक बरं, हे मान्य. पण लाळेसाठी ते कामाचं नाही. ओल धरत नाही, मानेला घाम आणतं, आणि पुरळ जिथून टाळायचं तिथेच उठतं.

आता पुन्हा घरी लाळेरी शिवायची हौस दिसते. नाशिकमध्ये बचत गटांच्या बायका बाळंतविड्याचे संच करतात, कुणी घरातूनच ऑर्डर घेतं. पण आजच्या शिवणारीपुढे आजीला नसलेला प्रश्न आहे: पुरेसं जुनेर नाही. म्हणून जुनं आणि नवं एकत्र करावं लागतं. समोरचा थर जुन्या सुती साडीचा किंवा सदऱ्याचा, मध्ये फलालीन, पाठीला टर्किश टॉवेलचं नवं कापड. टॉवेलाचं हे कापड तुर्कस्तानातल्या विणीवरून इंग्लंडमध्ये यंत्रावर आलं आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. आज आपल्याकडे ते सोलापूरचं मिळतं. त्याच्या बारीक फासांमुळे पाणी धरायची जागा वाढते, म्हणून एक थर दोन थरांचं काम करतो. जुना सुती बनियन हा तर माझा आवडता थर आहे. होजिअरी ताणली जाते, गळ्याला काचत नाही.

जुनं कापड ओळखायला मी दोन गोष्टी करते. पाण्याचा थेंब टाकते. सुती असेल तर लगेच पसरतो. आणि कडेचा एक धागा काढून पेटवते: सुताची कागदासारखी राख होते, नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. नवं कापड दोनदा धुतल्याशिवाय मी बेतत नाही. एकतर खळ जायला हवी, आणि जुनं कापड आटून बसलेलं असतं तर नवं पहिल्या धुण्यात आटतं. न धुता जोडलं तर लाळेरं एका बाजूला मुडपतं. बंदांच्या जागी टिचबटण लावते. १९५० च्या दशकात पेटंट झालेलं वेल्क्रो सोपं आहे, पण धुताना ते बाकीच्या कपड्यांना चिकटून सुताचे धागे ओढतं. मणी, टिकल्या, सुटी बटणं समोरच्या बाजूला कधीच नाहीत, ती बाळाच्या तोंडात जातात. आणि झोपवताना लाळेरं सोडून ठेवायचं, हे मी प्रत्येक आईला सांगते.

आमच्या नाशिक रोडला नोटा छापतात. त्या नोटांचा कागद कापसाचा असतो. भिजला, चुरगळला तरी टिकतो, याचं कारण तोच तंतू. हे कळल्यापासून मला सुताबद्दल जास्तच आदर वाटतो.

आजीच्या पेटीतल्या दोन लुगड्यांपैकी एक बोहारणीने नेलं. दुसरं, हिरव्या काठाचं, आईने गादीखाली घालून ठेवलं होतं, म्हणून वाचलं. माझ्या दोन्ही मुलांची लाळेरी त्याच्यातली, भाचीची त्याच्यातली, आता भाचीच्या मुलाची चालू आहेत. दीड हातभर तुकडा शिल्लक आहे. नीट बेतलं तर समोरच्या थरासाठी पाच निघतील, काठ मात्र दोनांनाच पुरेल.