फ्रेंच प्रेस कॉफी (बेळगाव सीमाभागातील घरगुती पद्धत)

फ्रेंच प्रेस कॉफी : भरड दळलेली कॉफी गरम पाण्यात भिजत ठेवून, दांड्याला बसवलेल्या धातूच्या जाळीने चोथा तळाशी दाबून केलेली कॉफी. ती करण्याच्या भांड्याला ब्रिटनमध्ये ‘कॅफेतियेर’, तर ऑस्ट्रेलियात ‘प्लंजर’ म्हणतात. नाव फ्रेंच असले तरी घडणीत इटलीचा वाटा मोठा. मायर आणि देलफोर्ज या फ्रेंच जोडीने १८५२ मध्ये अशा दट्ट्याचे पेटंट घेतले. आजच्या भांड्याशी जुळणारा आराखडा मात्र कालिमानी व मोनेता या इटालियनांचा, १९२९ चा. बोंदानिनी यांनी १९५८ मध्ये सुधारलेले भांडे फ्रान्समध्ये तयार होऊ लागले आणि तिथूनच ते घरोघर पसरले.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घर मुळात चहाचे. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी पिकवणारे चिक्कमगळूर, कोडगू, हासन हे जिल्हे आज त्याच राज्यात आहेत. म्हणजे राज्य कॉफीचे आणि स्वयंपाकघर चहाचे! मराठी घरातली जुनी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेले जायफळ. शेजारच्या कानडी घरात फिल्टरचे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून ठिबकलेला कॉफीचा दाट अर्क. फ्रेंच प्रेसची कॉफी या दोन्हींहून वेगळी असते, आणि ती बिघडते ती बहुधा पुडीमुळे.

सहज मिळणारी पूड फिल्टरसाठी बारीक दळलेली असते आणि तिच्यात अनेकदा चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) असते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते व चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते वाचूनच पाकीट घ्यावे. बारीक पूड जाळीतून निसटते, कपात गाळ उतरतो आणि दट्टा अडतो. बिया समोर दळून देणारा दुकानदार असेल तर बिनचिकोरीची पूड इडली रव्याइतकी जाड मागावी. ‘फिल्टरला नको’ हेही सांगावे, नाहीतर हात सवयीने बारीककडेच वळतो.

पाण्याचे इथे एक बरे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. कॉफीला ९२ ते ९६ अंश लागतात, म्हणून गॅस बंद केल्यावर थोडेसे थांबले की पुरे. ६०० मिलिलिटर पाण्याला ४० ग्रॅम पूड हे प्रमाण बहुतेकांना रुचते. काचेचे भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे. पावसाळ्यातल्या गारठ्यात हे टाळू नये, थंड काच कॉफीची ऊब खाते. पूड घालून पाणी ओतावे, ढवळावे, झाकण ठेवून चार मिनिटे थांबावे. मग दांडा सावकाश खाली न्यावा. जोर लावावा लागला तर पूड बारीक आहे असे समजावे. रेटल्यास कढत कॉफी अंगावर उसळते. कॉफी लगेच ओतून घ्यावी, कारण चोथ्यावर राहिली की कडवटते. तळचा घोटभर गाळ भांड्यातच सोडावा.

कागदी गाळणी नसल्याने बियांतील तेलकट अंश कपात येतो. या कॉफीचा भरदारपणा त्यातलाच; पण त्यातले कॅफेस्टॉल हे द्रव्य रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते, तेव्हा ज्यांना ती तक्रार आहे त्यांनी ही रोज पिऊ नये.

दुधाचा प्रश्न उरतोच. ही कॉफी डिकॉक्शनपेक्षा पातळ असते. निम्मे दूध घातले की पाणचट लागते. दूध घालून पिणाऱ्यांनी कॉफी करतानाच पाणी निम्मे करावे. जायफळ चिमूटभर, तेही कपात. भांड्यात घातल्यास वास जाळीत बसतो. धुताना जाळीचे पेच सोडवून प्रत्येक चकती वेगळी घासावी. चोथा मोरीत न टाकता कुंडीत टाकावा, नाहीतर मोरी तुंबते.