कागदाचा लगदा आणि पॅडमधला लगदा

कुडाळ तालुक्यातल्या एका बचत गटाने सॅनिटरी पॅड बनवण्याचे छोटे यंत्र घेतले, तेव्हा हिशेब लिहून देण्याच्या निमित्ताने माझे तिथे जाणे-येणे सुरू झाले. यंत्राबरोबर आलेला कच्चा माल चार महिन्यांत संपला आणि पुढचा माल मागवताना एका व्यापाऱ्याने ‘हाही लाकडाचाच लगदा, तितकाच शुद्ध, फक्त दराने कमी’ असे सांगून पांढऱ्या जाड तक्त्यांचा गठ्ठा पाठवून दिला. आधीचा माल गुंडाळीच्या रूपात होता आणि हा तक्त्यांच्या, एवढाच फरक वरवर दिसत होता. रंग तोच, वास तोच, जाडीही जवळपास तीच. पण यंत्राच्या भांड्यात पहिला तुकडा टाकला तेव्हा पिंजलेल्या कापसासारखे काही वर येण्याऐवजी खाली टणक गुठळ्या आणि वर पांढरी धूळ, असा प्रकार झाला. त्या मालाचा एक पॅड कसाबसा दाबून तयार केला आणि त्यावर चमचाभर पाणी ओतले, तर निम्मे पाणी आत न शिरता कडेने ओघळून गेले.

व्यापाऱ्याने खोटे सांगितले नव्हते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. दोन्ही माल लाकडाचेच होते, दोन्ही रसायनांत शिजवून ब्लीच केलेले होते, आणि दोन्हींत सेल्युलोजखेरीज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा जो मूळ पदार्थ त्याखेरीज, फारसे काही नव्हते. फरक होता तो तंतूंचा आकार आणि त्यांची एकमेकांशी असलेली जवळीक यांत. कागदाच्या लगद्यातल्या तंतूने चपटे होऊन शेजाऱ्याला घट्ट धरावे अशी अपेक्षा असते. पॅडमधल्या लगद्याने, म्हणजे व्यापारात ज्याला ‘फ्लफ पल्प’ म्हणतात त्याने, शेजाऱ्यापासून अंतर राखून, फुगून, मध्ये पोकळी ठेवून बसावे अशी अपेक्षा असते.

आधी दोघांचा सामाईक भाग पाहू. लाकडात ढोबळमानाने 40 ते 45 टक्के सेल्युलोज असते, पाव हिस्सा किंवा थोडे अधिक हेमिसेल्युलोज, म्हणजे त्याचाच आखूड साखळ्यांचा भाऊबंद असतो, आणि उरलेल्यात मोठा वाटा लिग्निनचा, म्हणजे तंतूंना एकमेकांशी चिकटवून लाकडाला ताठपणा देणाऱ्या नैसर्गिक डिंकाचा असतो. ओंडक्याची साल काढून त्याच्या कपच्या करतात, आणि त्या कपच्या कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात 160 ते 170 अंश सेल्सिअस तापमानाला दाबाखाली शिजवतात. यात लिग्निन विरघळून जाते आणि तंतू सुटे होतात. कार्ल डाल यांनी 1879 मध्ये डान्त्सिग इथे शोधलेल्या या पद्धतीला ‘क्राफ्ट’ म्हणतात. जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ताकद असा आहे आणि आपल्या हापूसच्या पेट्यांचा तपकिरी, न फाटणारा कागद याच घराण्यातला. मात्र या प्रक्रियेत लाकडाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निघून जातो. ब्लीच केल्यावर जे उरते ते पांढरेशुभ्र, पाण्याला आत घेणारे सेल्युलोज.

स्वस्त पॅडचे यंत्र बनवणारे कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, सुरुवातीला कापूस वापरून फसले आणि विकतच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडाचे सेल्युलोज असते हे त्यांना नंतर उमगले, ही हकिकत अनेकांनी वाचली असेल. ती सांगताना पुष्कळदा ‘पाइनच्या सालीपासून’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात साल ही या धंद्यातली नकोशी वस्तू आहे, कारण ती लगद्यात काळे ठिपके सोडते. वापरतात ते तिच्या आतले लाकूड.

वर्तमानपत्राचा लगदा कागदाच्या आणि पॅडच्या या दोन्ही शिजवलेल्या लगद्यांहून निराळा आहे. तो शिजवून नव्हे, तर लाकूड दळून केलेला असतो. फ्रीडरिख गोटलोब केलर या जर्मन विणकराने 1844 मध्ये लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची कल्पना काढली, आणि त्यात लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हाती लागतो. पण लिग्निनही आतच राहते, म्हणून फळीवर अंथरलेला पेपर उन्हाच्या बाजूने महिन्याभरात पिवळा पडतो. हा दळलेला लगदा फुगीर असतो खरा, पण पाणी शोषण्यात तो मंद असतो, तेव्हा त्याची आणि फ्लफची गल्लत करू नये.

आता जिथे वाटा फुटतात तिथे येऊ. शिजून सुटा झालेला तंतू म्हणजे मुळात एक पोकळ नळी असते. पाइनच्या बाबतीत तिची लांबी सुमारे 3 मिलिमीटर असते आणि रुंदी मिलिमीटरच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाइतकी. कागदाच्या कारखान्यात हे तंतू पाण्यात कालवून दोन खाचदार तबकड्यांच्या मधून दाबून नेतात. पूर्वी हे काम हॉलंडमध्ये निघालेल्या हॉलेंडर नावाच्या फिरत्या कुटण्याच्या हौदात होत असे. या कुटण्याने नळी चेपते, मऊ पडते, तिच्या भिंतीचे पापुद्रे सुटतात आणि अंगावर सूक्ष्म केस उभे राहतात. असे तंतू जाळीवर पसरून वाळवले की पाणी जाता जाता त्यांना एकमेकांकडे ओढून घेते, आणि सेल्युलोजच्या पृष्ठभागांत हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी पकड, तयार होतात. साध्या कागदात गोंद नसला तरी तो टिकतो तो या बंधांवरच. हे बंध पाण्याने सुटतात, म्हणून पावसाळ्यात आपल्याकडे कागद सादळून लिबलिबीत होतो आणि ओला झाला की बोटाच्या धक्क्याने फाटतो. फाटलेल्या कागदाची कड उजेडात धरून पाहिली, तर तिथे बारीक लव दिसते. ते सुटलेले तंतू.

फ्लफमध्ये हे कुटणे मुद्दाम टाळतात. उलट लगद्यात ‘डीबॉन्डर’ नावाचे मेणचट अंगाचे रसायन थोडेसे मिसळण्याची पद्धत आहे, जे तंतूंच्या अंगावर बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. हे रसायन सगळ्या मालात नसते, कारण त्याने पाणी शिरण्याचा वेग थोडा मंदावतो. तक्ता दाबतानाही हात आवरता घेतात, आणि गुंडाळ्या करून तो पाठवतात. पॅडच्या कारखान्यात ही गुंडाळी हॅमर मिलमध्ये जाते, तिथे वेगाने फिरणारे हातोडे तिचे तंतू अक्षरशः पिंजून काढतात, आणि हवेच्या झोताने ते जाळीवर बसवून गादी तयार होते. दिवाळीनंतर खांद्यावर धनुकली घेऊन येणारा पिंजारी जे कापसाचे करत असे, तेच इथे लाकडाचे होते.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा, कारण आमच्या गटाचा घोटाळा त्यातच होता. बाजारात तक्त्यांच्या रूपात मिळणारा कागदाचा लगदाही अजून कुटलेला नसतो. ते काम पुढे कागद कारखान्यात होते. मग तो पिंजला का गेला नाही? कारण तो कडक दाबून वाळवलेला होता, त्यात डीबॉन्डर नव्हता, आणि त्याचे तंतू आखूड होते. न कुटताही वाळताना जे बंध तयार होतात ते लहान यंत्राच्या पात्यांना पुरून उरले. पात्यांनी तंतू सोडवण्याऐवजी तोडले, त्याची धूळ झाली, आणि जे तुटले नाहीत त्यांच्या गुठळ्या राहिल्या.

तंतूच्या लांबीइतकीच त्याच्या भिंतीची जाडी महत्त्वाची असते. जगातला बराचसा फ्लफ अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या पाइनपासून होतो. त्या झाडांत जाड भिंतीच्या तंतूंचे प्रमाण मोठे असते, आणि जाड भिंतीची नळी सहज चपटी होत नाही. अशा ताठ नळ्या आडव्या-तिडव्या पडल्या की मधे भरपूर मोकळी जागा राहते. नेहमीच्या छपाईच्या कागदाचे एक ग्रॅम वजन साधारण सव्वा घनसेंटिमीटर जागा व्यापते. पिंजलेल्या, न दाबलेल्या फ्लफचे तेवढेच वजन दहा-वीस घनसेंटिमीटर सहज व्यापते. द्रव साठतो तो मुख्यतः या मोकळ्या जागेत. तंतूच्या भिंतीत त्याचा वाटा त्या मानाने थोडा असतो. म्हणून सैल फ्लफ स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी धरू शकतो.

तरीही नुसत्या फुगीरपणावर भागत नाही. आमच्या घरी काटेसावरीच्या कापसाच्या उशा आहेत. तो कापूस फ्लफपेक्षाही हलका आणि फुगीर, पण त्याच्या तंतूंवर मेणाचा थर असल्यामुळे पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा बसून राहतो. फुगीरपणा जागा देतो, आणि त्या जागेत पाणी ओढून नेण्याचे काम तंतूच्या पाणीप्रिय पृष्ठभागाचे असते.

फ्लफची खरी अडचण तो ओला झाल्यावर सुरू होते. भिजलेला तंतू मऊ पडतो, नळ्या बसतात, गादी चोपते आणि वरून वजन आले की शोषलेले पाणी परत बाहेर येते. यावर दोन उपाय निघाले. पहिला सर्वांना ठाऊक असलेला: फ्लफमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेटची भुकटी मिसळायची. ती शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट आणि मूत्रासारखा खारट द्रव तीस-चाळीस पट धरून जेल होते व दाबाखालीही सोडत नाही. 1980 च्या दशकात ती बाळांच्या डायपरमध्ये आली आणि डायपर पातळ झाले. दुसरा उपाय मला अधिक रंजक वाटतो. तंतूंना सायट्रिक आम्लासारख्या पदार्थाचे द्रावण पाजतात, त्यांना सुटे करून पीळ पडलेल्या अवस्थेत वाळवतात आणि मग तापवतात. या उष्णतेत आम्लाचे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये आडव्या गाठी मारतात. तंतू मग कुरळा आणि ताठ होतो, आणि भिजला तरी कुरळाच राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण माणसांबद्दल म्हणतो. हा तंतू निदान भिजण्याच्या बाबतीत त्या सुंभासारखा वागतो. डायपरच्या वरच्या पापुद्र्याखाली असलेल्या, द्रव झटकन खाली नेणाऱ्या थरात त्याचा उपयोग होतो. त्याचा कागद मात्र चांगला होत नाही, कारण असा तंतू भिजून सैल पडत नाही आणि शेजाऱ्याला धरत नाही.

कागदाच्या धंद्यातही फुगीरपणा सर्वस्वी नकोसा असतो असे नाही. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा अनेक थरांचा असतो. त्याच्या मधल्या थरात कपच्या सोडियम सल्फाइटने थोड्या मऊ करून गरम अवस्थेत दळलेला, ताठ आणि फुगीर लगदा घालतात, आणि बाहेरच्या थरांत शिजवलेला. पुठ्ठ्याचा ताठपणा जाडीबरोबर फार झपाट्याने वाढतो, म्हणून कमी वजनात जाडी मिळाली की माल वाचतो.

‘आपल्याकडे एवढी आकेशियाची झाडे आहेत, किनाऱ्याला सुरूची बने आहेत, त्यांचा हा लगदा होणार नाही का?’ असा प्रश्न गटातल्या एका काकींनी विचारला होता, आणि तो रास्त होता. कागदाचा लगदा या दोन्ही झाडांचा होतो. दक्षिणेकडच्या राज्यांत सुरूची लागवड त्यासाठीच केली जाते. पण ही रुंदपानी वर्गातली झाडे आहेत आणि त्यांचे तंतू मिलिमीटरभराच्या आसपास लांब असतात. असे आखूड, बारीक तंतू छपाईच्या कागदाला गुळगुळीतपणा देतात, पण त्यांची सैल गादी धरून राहत नाही. ब्राझीलमध्ये निलगिरीपासून फ्लफ करतात, तेव्हा हे अशक्य मात्र नाही. बांबूचा तंतू लांबीने पाइन आणि ही रुंदपानी झाडे यांच्या मधला. आणि नारळाच्या सोडणातल्या काथ्याची लांबी पाहून फसू नये: तो दोरा वीतभर दिसला तरी मिलिमीटरहूनही आखूड पेशींचा जुडगा असतो, आणि त्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या पुढे. गादीला स्प्रिंगसारखा काथ्या त्यामुळेच चालतो, पॅडला त्यामुळेच चालत नाही.

माल घेण्याआधी तो ओळखायचा कसा, हे आता गटातल्या बायकांना हाताला कळते. तक्त्याचा कोपरा दुमडून फाडावा: फ्लफ थरांत उकलतो आणि कड लांब लवेची, मऊ येते; कागदाचा लगदा कडक मोडतो आणि कड आखूड राहते. मग नखाएवढा तुकडा घरच्या मिक्सरमध्ये कोरडाच दहा सेकंद फिरवावा. फ्लफ असेल तर झाकण उघडताच ढग वर येतो, आणि नसेल तर भांड्याच्या तळाशी खडे वाजतात.

तो फसलेला गठ्ठा परत घ्यायला व्यापारी तयार झाला नाही. पावसाळ्यात तो सादळून जाण्याआधी गटाने तो गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या जागी, दिला. तिथे तो दोन दिवस पाण्यात भिजत घातला, लाकडी मुसळाने भरपूर कुटला, त्यात व्हाइटिंग, म्हणजे खडूची पूड, आणि डिंक मळला आणि साच्यात दाबला. कारखान्यातल्या तबकड्या जे करतात तेच त्या मुसळाने केले होते. वाळल्यावर साचा सोडवताना मूर्तीच्या सोंडेचे टोकसुद्धा तुटले नाही, तेव्हा मूर्तिकार हातातला लगदा चोळत एवढेच म्हणाले, ‘बरो धरता हां.’