मातीच्या सैनिकांचा उडालेला रंग

चीनमधल्या शिआन शहराजवळची, पहिल्या सम्राटाच्या थडग्याभोवती पुरलेली मातीची सेना म्हटलं की राखाडी-तपकिरी सैनिकांच्या रांगाच आठवतात. पण ही सेना घडवली गेली तेव्हा भडक रंगात होती. अंगरखे हिरवे आणि लाल, विजारी जांभळ्या-निळ्या, चेहरे गुलाबीसर. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना तिचे तुकडे सापडले, तोवर बराचसा रंग मातीत गेला होता. जो उरला होता, तो उघड्या हवेत काही मिनिटांत गळून पडायचा.

रंगाकडे निव्वळ सजावट म्हणून पाहिलं तर या मूर्तींचा अर्थच हातातून निसटतो. हा सम्राट ज्या छिन राज्याचा, तिथे पूर्वी राजाबरोबर जिवंत माणसं पुरत. इ.स.पू. ६२१ मध्ये राजा मू याच्यासोबत १७७ जणांना मरणाच्या वाटेला लावल्याची नोंद जुन्या इतिहासात आहे. इ.स.पू. ३८४ मध्ये ही प्रथा बंद झाली. मेलेल्याची सेवा तो जिवंत असल्यासारखीच करायची, ही श्रद्धा मात्र कायम राहिली आणि माणसांची जागा मूर्तींनी घेतली. म्हणूनच त्या जिवंत वाटायला रंग हवा होता. इ.स.पू. २१० मध्ये वारलेल्या पहिल्या सम्राटाच्या, छिन शी ह्वांगच्या थडग्याभोवती सैनिकांबरोबर कारकून, कसरतपटू, वादक आणि ब्राँझचे पाणपक्षीसुद्धा निघाले आहेत. सगळा दरबारच जमिनीखाली हलवला होता म्हणा ना! सैन्याची तोंडं पूर्वेला आहेत, ती बहुधा जिंकलेली राज्यं त्याच दिशेला होती म्हणून.

अंदाजे ८,००० मूर्ती, प्रत्येक जवळपास माणसाएवढी आणि कित्येक तर त्याहून उंच. असली मूर्ती एका दमात उभी करता येत नाही. आधी चौथरा आणि पाय घडवत. वरचा भार पेलायचा म्हणून पाय बहुधा भरीव असत. त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक रचून पोकळ धड चढवत. इथे घाई नडते. खालची माती ओली असताना वर चढत गेलं तर मूर्ती स्वतःच्याच वजनाने बसते. खालची फार सुकली, तर नवी वळी तिला धरत नाही आणि सांध्यावर तडा जातो. डोकं दोन भागांच्या साच्यातून काढून जोडत. मग कान, मिशा, केसांचा बुचडा, भुवया हाताने बसवत किंवा कोरत. साचे मोजकेच असूनही चेहरे वेगवेगळे दिसतात, ते या शेवटच्या हातामुळे. डोकं आणि पंजे वेगळेच भाजत. त्यामुळे मान आणि बाह्या उघड्या राहून आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळे. घोड्यांच्या अंगाला त्यासाठी मुद्दाम भोक ठेवलेलं असे. भट्टीचं तापमान साधारण ९५० ते १,०५० अंश सेल्सिअस.

भाजलेल्या मूर्तीवर रंगाआधी रोगणाचा हात द्यायचे. हे रोगण म्हणजे आपली किड्यापासून मिळणारी लाख नव्हे, तो एका झाडाचा चीक आहे. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं हे झाड. बिब्ब्याचं तेल लागून कातडी उतते, तशीच या कच्च्या चिकानेही उतते, कारण दोन्हींतली दाहक द्रव्यं एकाच जातीची आहेत. आणखी एक गंमत म्हणजे हा चीक कोरड्या हवेत नीट वाळत नाही. त्यातल्या विकराला ओलावा लागतो. ७०-८० टक्के आर्द्रतेत त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि चिवट तपकिरी थर तयार होतो.

या थरावर हिंगुळाचा लाल, मॅलाकाइट या खनिजाचा हिरवा, ॲझुराइट या खनिजाचा निळा, हाडांच्या राखेचा पांढरा असे रंग चढत. जांभळा मात्र खाणीतून आलेला नाही, तो भट्टीत बनवलेला आहे. बेरियमचं खनिज, तांब्याचं खनिज आणि गारगोटी एकत्र कुटून, थोडं शिसं घालून, ९००-१,००० अंशांवर कित्येक तास तापवली की बेरियम-कॉपर सिलिकेट तयार होतं. शिसं नसेल तर क्रिया फारच रेंगाळते, आणि भट्टी जास्त तापली तर जांभळा बिघडतो. दोन हजार वर्षांपूर्वी थर्मामीटरशिवाय हे जमवणाऱ्यांना रंगारी म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. एका गुडघा टेकलेल्या धनुर्धराचा चेहरा तर चक्क हिरवा निघाला!

बावीस शतकं ओल्या मातीत राहून रोगणाचा थर पाण्याने भिजलेला असतो. शिआनची कोरडी हवा लागली की त्यातलं पाणी उडतं, थर आकसतो, कडेने वळतो आणि वरच्या रंगासकट पापुद्र्यासारखा सुटतो. चारेक मिनिटांत खेळ खलास. कधी रंग मूर्तीपेक्षा भोवतालच्या मातीलाच घट्ट चिकटलेला असतो. ढेकूळ बाजूला केलं की अंगरखा त्याच्याबरोबर निघून येतो.

चिनी आणि जर्मन संवर्धकांनी यावर तोड काढली. तुकडा उघडा पडताच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओलसर ठेवायचा. मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल २०० हे द्रव्य पाण्यात मिसळून, त्यात भिजवलेल्या पट्ट्या रंगावर ठेवायच्या. सुरुवात ३० टक्क्यांनी, मग ६०, मग ८०. रोगणातल्या पाण्याची जागा न उडणाऱ्या या द्रव्याने हळूहळू घेतली की थर आकसत नाही. जोडीला पॉलियुरेथेनचं मिश्रण थराला मातीच्या अंगाशी चिकटवून ठेवतं. एकदम ८० टक्के लावलं, तर ते आत शिरण्याआधीच थरातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि टाळायचं तेच घडतं.

या रोगणाने शास्त्रज्ञांनाही चकवलं होतं. मातीच्या सैनिकांबरोबर पुरलेल्या ब्राँझच्या शस्त्रांवर क्रोमियम हा धातू सापडल्यावर, छिन कारागिरांना गंज रोखणारा क्रोमियमचा मुलामा ठाऊक होता, असं बरीच वर्षं छापून येत होतं. २०१९ मध्ये शेकडो शस्त्रं तपासल्यावर कळलं की क्रोमियम मुख्यतः लाकडी मुठी आणि दांड्यांच्या आसपास आहे, आणि ते आलंय त्यांना लावलेल्या रोगणातून. शस्त्रं टिकली याचं बरंचसं श्रेय तिथल्या बारीक कणांच्या, किंचित अल्कधर्मी मातीला जातं.