हॉस्पिटलमधून स्वतःचे केस पेपर कसे मागायचे

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की कागदांचं काम संपलं असं वाटतं. मग मेडिक्लेमवाले 'इनडोअर केस पेपर आणा' म्हणतात आणि कळतं, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सचे तक्ते, ऑपरेशनचा तपशील, सगळं हॉस्पिटलातच राहिलंय.

हे कागद रुग्ण स्वतः मागू शकतो, किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती. भारतीय वैद्यक परिषदेच्या (मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया) २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणीची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यावे लागतात. (२०२३ मध्ये नवी नियमावली आली, पण त्याच महिन्यात स्थगित होऊन जुनीच पुन्हा लागू झाली.) पुण्यातलं सरकारी ससून असो की कोथरूडमधलं वीस खाटांचं हॉस्पिटल, नियम एकच.

अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर चालतो. त्यात आयपीडी नंबर (भरती होताना मिळालेला), भरती-डिस्चार्जच्या तारखा आणि 'संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या प्रती' असे शब्द हवेत. नुसतं 'रिपोर्ट' लिहिलंत तर तेवढेच मिळतील. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. दुसरं कोणी जाणार असेल तर रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं. रुग्ण हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जवळ ठेवा. कारण सांगायची अट नियमात नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख-वेळेसह शिक्का घ्याच. तोंडी मागणीचे ७२ तास कुठून मोजणार?

भरतीच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं बंधनकारक आहे, तेव्हा उगाच लांबवू नका.

'गोपनीय आहे, देता येत नाही' हे उत्तर रुग्णाला देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच तसं सांगितलंय. गोपनीयता इतरांपासून आहे. कोर्टाचा आदेश, कुणाला गंभीर धोका किंवा कळवणं सक्तीचं असलेला आजार, एवढे अपवाद सोडले तर डॉक्टरांनी तुमची माहिती तिऱ्हाइताला सांगायची नसते.

याच नोंदी संशोधनातही वापरल्या जातात: एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना प्रबंधासाठी रुग्णांच्या नोंदी लागतात. त्यासाठी एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी घ्यावी लागते, आणि ओळख पटेल असा फोटो किंवा केस छापायची तर तुमची परवानगी. भरतीच्या वेळी पुढे येणाऱ्या सह्यांच्या गठ्ठ्यात तसा फॉर्म असू शकतो. तो वाचा, आणि नको असेल तर सही करू नका.

कागद मिळालेच नाहीत तर खासगी हॉस्पिटलची तक्रार पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा, डॉक्टरांविरुद्धची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. शिक्क्याची प्रत जोडायला विसरू नका.