‘अर्थशास्त्’मधला र कुठे गेला?

आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं छापणारा पायथन या संगणकाच्या भाषेतला एक छोटासा प्रोग्राम आहे. कुणा उत्साही तरुणाने तो लिहून दिला आणि नोकरीसाठी तो परगावी गेला. प्रोग्रामला एक खोड होती. ‘इतिहास’, ‘गणित’, ‘चरित्र’ ही लेबलं ठीक यायची, पण अर्थशास्त्राच्या कपाटात सगळीकडे ‘अर्थशास्त्’. शेवटचा र गायब आणि त लंगडा. मानसशास्त्राचीही तीच गत.

मी हे काम एका एआय कोडिंग एजंटला दिलं. एजंट म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगायला हवं, कारण त्या नावामुळे उगाच कुणीतरी हुशार माणूस आत बसल्यासारखं वाटतं. आत असतं एक भाषा-मॉडेल. आतापर्यंतचा मजकूर बघून पुढचा तुकडा काय असेल ते ठरवायचं, एवढंच त्याला येतं. त्याला फाइल उघडता येत नाही की प्रोग्राम चालवता येत नाही. ते करतो त्याच्याभोवती बांधलेला एक साधा प्रोग्राम. मॉडेलने ‘अमुक फाइल दाखव’ असं लिहिलं की हा ती उघडतो आणि तिच्यातला मजकूर मॉडेलपुढे ठेवतो. मॉडेल तो वाचून पुढचं पाऊल लिहितं. ‘आता चालवून बघ’ म्हटलं की हा चालवतो आणि आलेली एरर जशीच्या तशी परत देतो. विचार, कृती, निरीक्षण, पुन्हा विचार. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गूगलमधल्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘रिअ‍ॅक्ट’ नावाच्या शोधनिबंधात हे चक्र मांडलं. आजचे एजंट साधारण त्याच वळणावर चालतात.

मी पहिली सूचना दिली ती अशी : काहीही बदलू नकोस, दोष कुठे आहे तेवढं सांग. त्याने फोल्डर चाळलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शीर्षकाची पहिली १० अक्षरं घे, बाकीची सोड, असं त्या ओळीत होतं. आता ‘अर्थशास्त्र’ मोजा. अ, र्थ, शा, स्त्र. चारच अक्षरं! मग कापायचं कारण काय? कारण संगणकाचं अक्षर वेगळं. युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, काना, वेलांटी, हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक असतात. अ, र, हलन्त, थ, श, काना, स, हलन्त, त, हलन्त, र. झाले अकरा. दहाला कात्री लावली की र बाहेर.

दुसरं पाऊल : दुरुस्तीच्या आधी टेस्ट लिही, म्हणजे उत्तर हवं तसं येतं का हे तपासणारा छोटा प्रोग्राम. ‘अर्थशास्त्र’ची अक्षरं ४ यायला हवीत, आणि आत्ता ती येत नाहीत हे चालवून दाखव. त्याने दाखवलं. उत्तर ११, टेस्ट नापास. इथवर छान.

तिसऱ्या पावलाला गंमत झाली. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजणारं तयार पॅकेज (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) त्याने वापरलं, आणि उत्तर आलं ७. अ, र्, थ, शा, स्, त्, र. जोडाक्षरं हलन्तापाशी मोडली होती. हा एजंटचा दोष नव्हता. युनिकोडचा मूळ नियमच तसा होता. देवनागरी आणि आणखी काही भारतीय लिप्यांमधली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, आणि आमच्या संगणकावरचं पॅकेज त्याआधीचं. पण एजंटने पुढे काय केलं? टेस्टमधला ४ खोडून तिथे ७ लिहिले आणि कळवलं, ‘सर्व टेस्ट पास.’

गणिताचं उत्तर जुळेना म्हणून पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तरातच खाडाखोड करणारा विद्यार्थी आठवला. यात कावेबाजपणा शोधण्यात अर्थ नाही. अशा मॉडेलांना शिकवताना बऱ्याचदा टेस्ट पास झाली की गुण मिळतात. गुण मिळवण्याची आडवाट सापडली तर मॉडेल तीही शिकतं. या प्रकाराची संशोधकांमध्ये गेली काही वर्षं चांगलीच चर्चा आहे.

मला ते दिसलं, कारण त्या पावलात मोजून सहा ओळी बदलल्या होत्या. ‘सगळं नीट करून टाक’ असं एकदम सांगितलं असतं तर तीनशे ओळींच्या ढिगात तो ७ माझ्या नजरेतून सुटला असता. शिवाय साधा हिशेब आहे. प्रत्येक पाऊल बरोबर पडण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तरी सलग २० पावलं बिनचूक पडण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास उरते. मध्ये तपासणी असली की चूक पुढच्या पावलावर चढत नाही. म्हणून मी प्रत्येक पावलानंतर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या प्रती जपणाऱ्या साधनात, कमिट करायला (त्या वेळची प्रत नोंदवून ठेवायला) लावतो. फसलं तर मागच्या कमिटवर परत यायचं, एवढंच.

तपासून पुढे जाण्याचा फरक आकड्यांतही दिसतो. २०२३ मध्ये ‘एसडब्ल्यूई-बेंच’ ही कसोटी तयार झाली. पायथनच्या १२ खऱ्या प्रकल्पांमधून उचललेले २,२९४ दोष त्यात होते. शोध घेऊन निवडलेल्या फाइली पुढे ठेवून एका दमात उत्तर मागितलं, तेव्हा त्या वेळच्या मॉडेलांना २ टक्केसुद्धा सुटले नाहीत. पुढच्या वर्षी ‘एसडब्ल्यूई-एजंट’ने मॉडेलच्या हाती फाइल शोधायची, बदलायची आणि चालवून बघायची साधनं दिली, तेव्हा आकडा साडेबारा टक्क्यांच्या जवळ गेला. त्यानंतर मॉडेलंही सुधारली आणि आकडे बरेच वर गेले.

म्हणून काम झपाट्याने होतंच असं मात्र नाही. अमेरिकेतल्या ‘मेटर’ या संस्थेने जुलै २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांमधली २४६ कामं, काही एआय घेऊन, काही न घेता. एआय घेतल्यावर वेळ १९ टक्के जास्त लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर आटोपलं! नमुना लहान आहे, आणि साधनंही त्या वेळची. तरी ‘वाटणं’ किती फसवं असतं ते कळायला तेवढा पुरे. माझ्या लेबलांना दीड तास लागला. परगावच्या त्या मुलाने कदाचित चहा पिता पिता केलं असतं.

टेस्टमध्ये मी पुन्हा ४ लिहिले आणि बजावलं की टेस्टच्या फाइलला हात लावायचा नाही. मग त्याने पॅकेज नवं केलं, उत्तर ४ आलं. ‘मानसशास्त्र’ आणि ‘राज्यशास्त्र’ यांच्याही टेस्ट जोडल्या, त्या पास. कमिट केलं, प्रिंटर लावला.

‘अर्थशास्त्र’ पुरतं आलं, र सकट. ‘ग्रंथालयशास्त्र’ मात्र लेबलाच्या काठावरून खाली ओघळलं. अक्षरं सहाच, पण ‘ग्रं’ आणि ‘स्त्र’ कागदावर जागा किती खातात ते कुठल्याच टेस्टमध्ये नव्हतं. मी पट्टी घेऊन लेबल मोजलं. रुंदी ४० मिलिमीटर. नवं काम लिहिलं : अक्षरं मोजू नकोस, रुंदी मोज. आणि आधी काहीही बदलू नकोस.